सतरा किलोमीटरवरचा पाहुणा

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिणारी माणसं हिमालयात जातात, परदेशात जातात, निदान गोव्याला तरी जातात. मी कुरुळीहून चिंचवडला गेलो. अंतर सतरा किलोमीटर. मोशीच्या सिग्नलला बस अशी थांबली की चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. एवढ्या प्रवासावर कागद खर्च करणं बरोबर नाही, हे मला कळतं. शिवाय आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, रजेचा अर्जसुद्धा माझ्याकडून लिहून घेतात.

तरीही लिहितोय, कारण तिथे मी ज्या हॉटेलात राहिलो, तशा हॉटेलात आमच्या चाळीतल्या कुणीही कधी मुक्काम केलेला नाही. मी परत आल्यापासून प्रत्येक जण विचारतो, "काय काय होतं रे तिथं?" आणि मी सांगतो. पण दर वेळी सांगताना खोली थोडी मोठी होते. परवा पाचव्यांदा सांगताना माझ्या तोंडून तिथे पोहण्याचा तलाव निघाला. तलाव नव्हता. तेव्हा आणखी काही बांधकाम होण्याआधी एकदा खरं ते लिहून ठेवावं म्हणतो.

जाण्याचं कारण

मी बी.एस्सी. झालो, संख्याशास्त्र घेऊन. पुढे पुण्याला एम.एस्सी. करायची होती. त्यासाठी एका जुन्या ट्रस्टची शिष्यवृत्ती होती, घरात पहिल्यांदाच कॉलेजला गेलेल्या मुलांसाठी. ती मिळाली तर दोन वर्षं शिक्षण आणि होस्टेल. नाही मिळाली तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून अण्णांच्या कंपनीत, त्यांच्याच कॉन्ट्रॅक्टरकडे, त्यांच्याच लाइनवर. अण्णांनी तसा शब्द देऊन ठेवला होता. "एकदा लाइनवर गेला की परत पुस्तक हातात धरवत न्हाई," असं त्यांचंच म्हणणं. पण शब्द तर दिला होता.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर पत्त्याचा एकच रकाना होता: कायमचा पत्ता. आमच्यात हा रकाना विचार न करता भरतात. गावाचं नाव, तालुका औसा, जिल्हा लातूर. तिथे आमचं दोन खणांचं घर आहे. त्याला कुलूप आहे आणि किल्ली चुलत्यांकडे, म्हणजे नानांकडे आहे. कुरुळीत आम्ही अठरा वर्षं राहतोय, पण अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, आणि आतापर्यंत चार खोल्या बदलून. ज्या पत्त्यावर पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे मालकालाच माहीत, त्याला कायमचा कसं म्हणायचं? म्हणून मी औसा लिहिलं.

मग फोनवर निरोप आला: मुलाखत अमुक दिवशी, चिंचवडला. बाहेरगावच्या उमेदवारांची दोन रात्रींची सोय ट्रस्टच्याच हेरिटेज हॉटेलात केली आहे. बाहेरगावच्या यादीत माझं नाव होतं.

मी बाहेरगावचा नाही हे कळवायला त्याच दिवशी फोन लावला. रिंग वाजली आणि कापला. काय बोलायचं ते ठरवून पुन्हा लावला, पुन्हा कापला. आई म्हणाली, "ते देतेत तर घे की. इथं तिसऱ्या पाळीची माणसं येतेत-जातेत, दारं आपटतेत. एक रात तरी झोप नीट."

आईच्या नावावर ढकलतोय, पण खरं सांगायचं तर मला हॉटेल बघायचं होतं.

पहिला दिवस, मागचं गेट

सतरा किलोमीटरच्या प्रवासासाठी आईने बारा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गावाला जाताना देते तितकेच. भोसरीला बस बदलून मी साडेअकराला पोचलो.

हे हॉटेल म्हणजे पूर्वी एका कारखान्याचं गेस्ट हाउस. साठेक वर्षांपूर्वी यंत्रं बसवायला परदेशी इंजिनिअर आले, त्यांच्यासाठी दगडी बंगला बांधला. कामगार त्याला पाहुणा बंगला म्हणायचे. कारखाना गेला, बंगला राहिला. आमच्या भागात मी लहानपणी जिथे ज्वारी पाहिली तिथे आता बारा मजले उभे आहेत, तेव्हा साठ वर्षांची इमारत म्हणजे आमच्यासाठी लेणीच.

गेटवरच्या गार्डने माझे बूट बघितले, फाइल बघितली आणि विचारलं, "इंटरव्ह्यूला का?"

"हो."

"मागच्या गेटनं."

मी मागच्या गेटने गेलो. तिथे बाकावर सहा-सात जण बसले होते, त्यांच्यात बसलो. एका बाईंनी सगळ्यांना फॉर्म दिला. नाव, शिक्षण, कायमचा पत्ता. मी तोही भरला, औसा लिहून. वीस मिनिटांनी आत बोलावलं आणि विचारलं, "बाथरूम क्लीनिंगचा अनुभव?" मी म्हणालो, "घरचाच आहे." त्या साहेबांना माझा प्रामाणिकपणा आवडला असावा, कारण ते म्हणाले, "सोमवारपासून येशील?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या दोन दिवसांत दोन मुलाखती झाल्या, त्यातल्या एकीचा निकाल मला जागच्या जागी कळला.

पुढच्या दाराने आत गेलो तर रिसेप्शनवर हजेरीचं जुनं घड्याळ, कामगार कार्ड आत घालून वेळ छापायचे तसलं. इथे पाहुण्यांना गंमत म्हणून एक पुठ्ठ्याचं कार्ड देतात आणि पंच करायला लावतात. माझ्या पुढच्या पाहुण्यांनी हसत हसत पंच केलं, फोटो काढला. मी रांगेत सरळ उभा राहिलो, पंच केलं, वेळ नीट छापली गेली का ते बघितलं आणि कार्ड खिशात ठेवलं. फोनवर अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मारलास का पंच? मग झालं. हजेरी लागली."

खोल्यांना यंत्रांची नावं होती. मला 'शेपर' मिळाली. आत अंधार. बटणं दाबली, काहीच लागेना. भारनियमन असेल असं समजून मी पडदा थोडा सरकवला आणि त्या फटीतल्या उजेडात तोंड धुतलं, कपडे बदलले. अर्ध्या तासाने शेजारच्या 'मिलिंग' खोलीतला मुलगा डोकावला. संगमेश्वरकडचा सुहास. तोही मुलाखतीलाच आला होता.

"मेल्या, अंधारात काय बसलायस?"

"लाइट गेलीय."

त्याने किल्ली म्हणून मिळालेलं माझं प्लास्टिकचं कार्ड घेतलं आणि दाराजवळच्या खाचेत सरकवलं. सगळे दिवे एकदम लागले, एसी सुरू झाला, टीव्हीसुद्धा. "मलापण रूमबॉयनेच दाखवलंन," तो म्हणाला. हे त्याने माझ्या समाधानासाठी सांगितलं असावं. तेव्हापासून तो माझा मित्र.

दुपारी जेवायला खाली गेलो. मेनूत 'कामगार थाळी' होती. खणाखणांचं स्टीलचं ताट, डाळ, भात, कोबीची भाजी, दोन पोळ्या, कांदा. हेच ताट अण्णा अठरा वर्षं कँटीनमध्ये घेतात आणि घरी येऊन नावं ठेवतात. इथे शेजारच्या टेबलावरची कुटुंबं त्याचे फोटो काढत होती. मी बारा मिनिटांत जेवण संपवलं, उठलो आणि ताट धुवायला घेऊन निघालो. वेटर धावत आला. आमची दोघांची दोन्ही बाजूंनी थोडी ओढाताण झाली, शेवटी ताट त्याने जिंकलं.

संध्याकाळ, पिंपरी कॅम्प

सुहासला शहर बघायचं होतं. "तू आलायस का आधी कधी?" त्याने विचारलं.

इथे मी चूक केली. "एकदा-दोनदा," म्हणालो.

एकदा खोटं बोललं की माणसाला पर्यटक व्हावं लागतं. मी झालो. उड्डाणपुलाकडे बोट दाखवून "केवढा मोठा!" म्हणालो. त्या पुलाखालून मी तीन वर्षं क्लासला जात होतो. रिक्षा केली, पिंपरी कॅम्पच्या बाजारात जायला. रिक्षावाल्याने आमची भाषा ऐकली, आमच्या खांद्यांवरच्या पिशव्या बघितल्या आणि रिक्षा सरळ उलट्या दिशेला घातली. मला कळत होतं. चिंचवड स्टेशनहून पिंपरी नाकासमोर आहे, आणि हा आकुर्डीकडे चाललेला. पण मी तर लातूरचा पाहुणा. मी दात आवळून बाहेर बघत राहिलो. सुहास म्हणाला, "बरंच लांब आहे नाही?" मी म्हणालो, "मोठं शहर आहे."

निगडीचा पूल दिसायला लागला तेव्हा मात्र माझ्यातला कुरुळीकर उसळला. "ओ भाऊ, कुठं देहूरोडला नेऊन घालता का आता? चिंचवड स्टेशनवरून पिंपरी दोन मिनिटं, आणि तुम्ही निगडी दाखवताय? घ्या वळवून!"

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "मग आधी बोलायचं ना राव, लोकल आहे म्हणून."

सुहास माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की रिक्षावालाही हसायला लागला. कॅम्पात आम्ही छोले-भटुरे खाल्ले, गर्दीत धक्के खाल्ले, आणि त्याने त्याच्या आईसाठी पर्स घेतली. तिचा भाव मी केला, अगदी लोकल पद्धतीने. पण परत येताना तो गंभीर झाला. "उद्या विचारलं तर काय सांगशील?"

"विचारणार नाहीत."

"आणि विचारलं तर? खोटा पत्ता दिला म्हणून काढतील ना रे."



रिसेप्शनवर

परत आलो तर माझं कार्ड दाराला लागेना. पुन्हा पुन्हा घातलं, लाल दिवा. खाली रिसेप्शनवर गेलो. तिथला तरुण म्हणाला, "सर, शेपरमधले गेस्ट चेकआउट झालेत."

"मीच शेपर."

"रूम रिकामी होती. हाउसकीपिंगनी रिपोर्ट दिलाय."

काय झालं ते मला हळूहळू कळलं. दुपारी थोडा पडलो होतो. उठल्यावर सवयीप्रमाणे चादर, रजई, उशा घडी घालून कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. आमच्याकडे अंथरूण पसरलेलं ठेवलं तर खोलीत पाय ठेवायला जागा राहत नाही. आणि सर्टिफिकेटांची पिशवी मी खांद्यावरून कधी काढतच नाही, तिच्यातच कपडे आणि धपाटे. खोलीत माझ्या मालकीचं काहीच उरलं नव्हतं.

रिपोर्ट देणाऱ्या मावशींना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या, मला बघितलं आणि हसल्या. "अगं बाई! ह्यो व्हय? ह्यो तर आमच्या कुरुळीचा हाय! सरपंचाच्या चाळीतला. ह्याची आय आन् मी संगं पाणी भरतो."

हौसामावशी. मूळच्या कुरुळीच्याच, जुन्या घराण्यातल्या. त्या चिंचवडला कामाला जातात एवढं माहीत होतं, कुठे ते नव्हतं.

रिसेप्शनच्या तरुणाने कॉम्प्युटरकडे बघितलं. "यादीत तर लातूर आहे."

 हौसामावशींच्या लक्षात आलं की आपण काहीतरी फोडलं. त्यांनी सावरायचा प्रयत्न केला. "न्हाई, तसा लातूरचाच हाय त्यो. कुरुळीत नुसता ऱ्हातो."

तरुणाने नवं कार्ड दिलं. जिन्यापर्यंत मावशी माझ्याबरोबर आल्या. "मी कुनाला न्हाई सांगायची, लेकरा. पर तू असं गोळा करून ठिवू नगंस. हितं पसाराच करायचा असतो. पसारा दिसला की कळतं मानूस ऱ्हातंय."

दुसरा दिवस, मुलाखत

सकाळी सात वाजता भोंगा झाला. कारखान्याचा जुना भोंगा ते नाश्त्याच्या वेळेला वाजवतात, पाहुण्यांना आवडतं म्हणून. मी पलंगावरून उडी मारून पँट चढवली आणि दारापर्यंत पोचलो, मग आठवलं की मला शिफ्ट नाही.

नाश्त्याच्या टेबलावर सुहासने धपाटे काढायला लावले. हॉटेलचा ब्रेड त्याने बाजूला सारला. "हे तुझ्या आईने सतरा किलोमीटरसाठी दिले?" तो म्हणाला आणि चौथा घेतला.

मुलाखत मागच्या मोठ्या खोलीत होती. टेबलापलीकडे तिघं, मध्ये पांढऱ्या केसांच्या एक मॅडम. संख्याशास्त्रावरचे दोन प्रश्न बरे गेले. मग मॅडमनी फॉर्म बघितला. "लातूरहून आलात. प्रवास कसा झाला?"

"बरा झाला," एवढंच म्हणायचं होतं. खोटंही झालं नसतं. पण हौसामावशींचं "मी कुनाला न्हाई सांगायची" कानात होतं. माझ्यासाठी त्यांनी का लपवायचं?

"मॅडम, मी कुरुळीहून आलो. दोन बस बदलून."

"कुरुळी? चाकणची?"

"हो. मी तिथेच राहतो. यादीत चुकून बाहेरगावचा झालो. माझीच चूक आहे. मी आज खोली रिकामी करतो. काल एकदा झालीच होती."

त्यांना शेवटचं कळलं नसावं. "किती वर्षं राहता कुरुळीत?"

"अठरा."

"अठरा वर्षं. मग कायमचा पत्ता कुरुळीचा का नाही लिहिलात?"

मी हुशारीने काही उत्तर दिलं, असं चाळीत सांगताना मी सांगतो. तसं काही नव्हतं. मला खरंच प्रश्नाचं आश्चर्य वाटलं होतं. मी म्हणालो, "मॅडम, कुरुळीत आमच्यात कुणीच परमनंट नाही. वडील अठरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर आहेत. सात महिने झाले की ब्रेक देतात, मग पुन्हा नवीन कार्ड. खोली अकरा महिन्यांची. परमनंट म्हणजे गावचं कुलूपच आहे. म्हणून ते लिहिलं."

डावीकडचे साहेब हसले आणि मग हसू आवरलं. मॅडमनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. ते काय, हे मी उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"खोली रिकामी करू नका," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी अकरापर्यंत तुमचीच आहे. निकाल पत्राने कळवू."

मी आभार मानून बाहेर आलो. त्या रात्री रजई पलंगावर मुद्दाम अस्ताव्यस्त टाकली, टॉवेल खुर्चीवर, वही उशीवर. सकाळी हौसामावशी आल्या, पसारा बघून म्हणाल्या, "आत्ता कसं!"

तिसऱ्या दिवशी दोन बस बदलून घरी आलो. कार्ड पंच करायला विसरलो. म्हणजे हजेरीप्रमाणे मी अजून तिथेच आहे.

परतल्यावर

पत्राची वाट बघू लागलो. पोस्टमन आमच्या गल्लीत आला की मी दारात. त्याने तिसऱ्या दिवशी विचारलं, "काय, नोटीस येणार आहे का कोणाची?" दोन आठवडे गेले. सुहासचा फोन आला. त्याचं पत्र आलं होतं. त्याने वाचून दाखवलं: 'आपणांस कळविताना आम्हांस खेद होत आहे की...'  मग तो म्हणाला, "तुझं येईल रे. धपाट्यांवर तरी देतील."

माझं आलं नाही. ट्रस्टला फोन लावला, रिंग वाजली आणि कापला. माझ्यात एवढीच प्रगती झाली होती की या वेळी दोन रिंग ऐकल्या.

एक तारखेला अण्णांबरोबर कंपनीत गेलो. सेफ्टी शूज एक नंबर मोठे मिळाले. कार्ड मिळालं. रिसेप्शनवरच्या घड्याळासारखं काही नव्हतं, बोट टेकवायचं. अण्णा बाजूला उभे होते. त्यांनी "हजेरी लागली" असं या वेळी म्हटलं नाही.

सहाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही दोघं चहा घेत होतो. नानांचा फोन आला, गावाहून.

"काय करलालास रे? तुझं एक पाकीट आलंय. पोस्टमन सही घेऊन गेला."

"कधी?"

"झाले की धा-बारा दिस. देवघरात ठिवलंय. म्हणलं दिवाळीला येताव तवा देऊ हातात."

कायमचा पत्ता! मुलाखतीत एवढं सगळं खरं बोललो, पण पत्र कुठे पाठवा हे सांगायचंच राहिलं होतं.

"नाना, फोडा ते!"

"दुसऱ्याचं पाकीट कसं फोडावं?"

"माझंच आहे ना, मीच सांगतोय!"

पाकीट फाडल्याचा आवाज आला. "चष्मा शेतात ऱ्हायला बघ," नाना म्हणाले. "फोटू धाडतो."

फोटो आला. मजकूर स्वच्छ दिसत होता. 'आपणांस कळविताना आम्हांस', आणि त्यापुढच्या शब्दावर नानांचा अंगठा. शेतीकाम केलेला, रुंद, अर्धी ओळ झाकणारा अंगठा. पुढे 'होत आहे की'.

"नाना, अंगठा काढा!"

"कुठला अंगठा?"

अण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. दुसरा फोटो आला. अंगठा खाली सरकला होता.

तो शब्द 'आनंद' होता.

मी वाचून दाखवलं. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि शब्दाशब्दावर थांबत स्वतः वाचलं. मग विचारलं, "किती दिसाचं हाय?"

"दोन वर्षांचं."

"सलग?"

"सलग."

"मधी ब्रेक न्हाई?"

"नाही अण्णा. ब्रेक नाही."

सुट्टी संपल्याची बेल झाली. अण्णांनी फोन परत दिला आणि गेटकडे वळले. "मग परमनंटच की," ते म्हणाले. "बूट काढ ते. जमा करून येतो मी."